वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे

२ एप्रिल १९६४
उत्तमसिंगचं पत्र आलं. माझा नातू सरकारी जहाजावर खलाशी आहे, समुद्राचं पाणी कुठं जातं ते बघतात म्हणे. तांड्यात कोणाला पटत नाही. पत्र नलू मास्तरीण वाचते, हे लिहून घेणारीही तीच. मी 'मले' म्हटलं की ही 'मला' लिहिते. लिही बाई, तुझी शाळा.

पत्रात म्हणतो — दादी, वरचं पाणी वारा ढकलतो. पण धरती फिरते, म्हणून ते वाऱ्याच्या वाटेनं सरळ जात नाही. आपल्याकडच्या समुद्रात उजवीकडे कलतं. आम्ही चिठ्ठ्या घालून बाटल्या सोडतो, त्या कुठं निघतात ते बघतो.

याचा पगार मिळतो! माझ्या बापाचे लदेणीचे बैल, पाठीवर धान्याच्या गोण्या, तेही असेच. हाकायचं नाकासमोर, शिरायचे बाजूच्या पिकात. त्यांना कोणी बघायला आलं नाही.

९ एप्रिल
काही नाही. ऊन फार.

१३ एप्रिल
तार. उत्तम आणि आणखी दोघं काल कोकणासमोरच्या समुद्रात छोट्या होडीतून पाण्यात सोडलेलं यंत्र काढायला गेले. होडीचं इंजिन बंद पडलं. जहाजाला दिसेनासे झाले. वारा वायव्येचा. शोध चालू.

उत्तमची बायको बसंती दारात उभी. अक्षर तिलाही येत नाही, मलाही नाही. दोघी नलूच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"दादी, वारा कोनीकडं चालला?"

"जमिनीकडं. कोकणच्या काठाले लावून देते त्याले."

वाऱ्याचं खरं तेच सांगितलं. पाण्याचं बोलले नाही.

१४ एप्रिल
नलूनं शाळेतला नकाशा आणला. मी म्हटलं, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहा, उजवा हात कुठं जातो ते दाखव. तिनं बोट फिरवलं. तिकडे जमीन नाही. नुसतं निळं.

"आजी, होडी वरून उघडी असते. तिले वाराबी ढकलते."

"किती?"

"मले नाही माहीत."

मास्तरणीच्या तोंडून 'माहीत नाही' ऐकायची किती वर्षं वाट पाहिली. आज नको होतं.

१६ एप्रिल
तांड्याचे नायक सेवादास आले. "लालीबाई, चार दिस झाले. बसंतीची घुगरी उतरवाची तयारी ठेवा." घुगरी म्हणजे नवरा असलेल्या बाईच्या केसांतली चांदी.

मी म्हटलं, "तुमचे केस उतरले तेवढे पुरे."

हसले नाहीत.

बसंती आतून म्हणाली, "कायले उतरवू? दादीनं सांगतलं, वारा जमिनीकडं आहे."

पाण्याचं खरं आजही सांगितलं नाही.

१७ एप्रिल
बसंती घरात नाही. भाकरी बांधून सकाळच्या मोटारीनं गेली. शेजारच्या सोनीबाईला सांगून गेली — "वारा त्याले आणून राह्यला. काठावर कोनीतरी पायजे का नाही?" कंडक्टर म्हणतो, दिग्रसला उतरली, कोकणची वाट विचारत होती.

दिग्रसच्या पुढे ती कधी गेलेली नाही. माणसं धाडली आहेत.

नलू, रडून कागद भिजवू नको.

१९ एप्रिल
धाडलेली माणसं बसंतीशिवाय परतली.
तार. होडी भर समुद्रात सापडली. तिघंही जिवंत.

बसंतीला लगेच सांगा, असं उत्तमनं घातलंय.