नूरुद्दीनभाईंचा कार्बोरेटर

८ जानेवारी
केलं. नूरुद्दीनभाईंच्या जुन्या यामाहाचा जपानी कार्बोरेटर काढला आणि माझ्या यामाहाला लावला. त्यांच्या गाडीला इथे भारतात बनलेला नवा बसवला — दिसायला जुळा भाऊ. त्यांनी गाडी नुसती सर्व्हिसिंगला दिली होती! पंचवीस वर्षं कोन गावातल्या माझ्या गॅरेजात गाडी सोडून जातात. "तू हाय ना, मग मी कशाला बघू?" म्हणतात आणि खरंच बघत नाहीत.

माझ्या गाडीत तेवढा एकच भाग जपानचा नव्हता.

११ जानेवारी
पुतण्या हितेश विचारत होता, जुनी गाडी घ्यायची तर कुठली. सांगितलं — कावासाकी दणकट, सुझुकी चालवायला मऊ, पण पार्ट लागला की दोन्हींसाठी वणवण. यामाहाचा अजून मिळतो. वर हेही ऐकवलं, की मूळ जपानी पार्टाची सर कशालाच नाही. नको तिथे जीभ चालते माझी.

१४ जानेवारी
नूरुद्दीनभाई गाडी न्यायला आले. पहिल्या किकला सुरू. "तुझ्या हाताला तोड न्हाय, दौलत." मी तिळगूळ दिला. गोड बोला म्हणायची लाज वाटली.

१९ जानेवारी, रविवार
जुन्या गाड्यांची फेरी, भिवंडी ते वज्रेश्वरी. एकही पार्ट न बदललेली गाडी म्हणून माझ्या गाडीला हार घातला. पहिल्या टाळ्या नूरुद्दीनभाईंच्या.

पुढे अकलोलीपर्यंत माझी गाडी दोनदा बंद पडली. जपानी कार्बोरेटरला नावं कोण ठेवणार?

२० जानेवारी
हार अजून हँडलला आहे. काढवत नाही, बघवत नाही.

२ फेब्रुवारी
ब्रेक तपासतो असं सांगून त्यांची गाडी मागवली. जपानी कार्बोरेटर त्यांचा त्यांना परत बसवला, नवा फळीवर ठेवला. चोरी फेडायलाही खोटंच बोलावं लागलं! ते आले तेव्हा सगळं सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि "चेन सैल होती" एवढंच बाहेर पडलं. भित्रा आहे मी.

७ फेब्रुवारी
नूरुद्दीनभाई गाडी ढकलत आले. घामाघूम. स्टुलावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "जानेवारीत तू लावलेलास ना नवा कार्बोरेटर, तोच परत लाव. हा जुना झिजलाय. तुला आवडतो तर तू ठेव."

म्हणजे त्यांना माहीत होतं. टाळ्या वाजवल्या तेव्हाही.