मढ्यांनी चालायचं नाही

२७ ऑक्टोबर १९५४

आता मढ्यांनी चालायचं नाही म्हणे! कॉमिकवाल्यांसाठी नवी नियमावली आली. भुतं नकोत, प्रेतं नकोत, रक्त नको. आमचे संपादक गेल्बर खुर्चीवर चढून वाचून दाखवत होते. "मुडद्यांनी आपापल्या थडग्यात गप पडावं, फ्रीडा!" सगळे खो खो हसले. संध्याकाळपर्यंत निम्म्यांच्या नोकऱ्या गेल्या. मी राहिले. रंग भरणारी बाई स्वस्त पडते ना!

२९ ऑक्टोबर

शाळेच्या मैदानात भयकथांच्या पुस्तकांची होळी. शेजारच्या झुकरब्रोटबाई दारात. "तुमच्याकडची द्या की! पोरीच्या डोक्यात किडे पडतील अशानं." म्हटलं, कधीच टाकून दिली. धडधडीत खोटं! कपाटावर टोपीच्या डब्यात आहेत सगळी. देऊ कशी? त्यात माझा मेंडेल आहे.

त्याचा फोटो एकसुद्धा नाही. फोटो काढला की माणूस लवकर जातो, असं सासूबाईंचं म्हणणं. न काढताही गेलाच की! पण चित्रं काढताना टेबलावर आरसा ठेवायचा, तोंड वेडंवाकडं करायचा, आणि तेच काढायचा. आरसा सगळेच चित्रकार ठेवतात. मेंडेलचं मात्र प्रत्येक प्रेत म्हणजे मेंडेलच. "दुसऱ्या कुणाला मारायला जिवावर येतं गं," म्हणायचा. वर हिरवा रंग मी भरायचे.

तो गेला तेव्हा आयडा दोन वर्षांची. आता सहाची. तिला काही म्हणजे काही आठवत नाही. बापाचा चेहरा दाखवायचा तर कुठला दाखवू — डोळ्यांतून अळ्या गळणारा?

३ नोव्हेंबर

दिवसभर धुकं. घरी येताना पूल अर्धाच दिसला, पुढे नुसतं पांढरं. गाडी त्यातून चाललीये की तरंगतेय, कळेना. डुलकी लागली नि समोर मेंडेल बसलेला. हिरवा. मांडीवर टोपी. म्हटलं, थांब, तोंड पुसते. रुमाल सापडेपर्यंत माझं स्टेशन आलं. उतरावंसंच वाटेना.

१० नोव्हेंबर

गेल्बरनी एक जुनं पान पुढ्यात टाकलं. मेंडेलचं! थडग्यातून उठून बायकोचं दार ठोठावणारा नवरा. "पुन्हा छापायचंय. पण मढं चालणार नाही. पांढरा रंग घे नि जिवंत कर त्याला. प्रवासातून घरी आलाय म्हणावं."

किती सहज म्हणाले!

१२ नोव्हेंबर

अळ्या गेल्या. गाल भरले. डोळ्यांच्या खोबणींत डोळे आले. खालचा ओठ जरा जाड होता ना? डाव्या भुवईत तुटकी रेघ — ती आठवली आणि हसूच आलं. नाकाला हात लावला नाही, नाक त्याचंच होतं.

मग तो माझ्याकडे बघायला लागला. दारात उभा, प्रवासातून आलेला. रडले बाई, सगळ्यांदेखत! गेल्बरनी पान गुंडाळून हातात दिलं. "घरी ने. सोमवारी आण."

आता आयडाला दाखवता येईल. आता तिला बाप असेल.

१३ नोव्हेंबर

आयडानं पान खूप वेळ निरखलं. "हे कोण?" म्हटलं, अगं, तुझे पप्पा! तिनं नाही म्हणून मान हलवली. आत जाऊन उशीखालून एक फाटकं पान घेऊन आली. हिरवं, अळ्यांचं. मुके घेऊन घेऊन तोंडापाशी कागद विरलेला.

"पप्पा हे आहेत. मी झोपले असं वाटलं की तू ह्यांच्याच गालावरून बोट फिरवतेस."