गेल्या खेपेचं जनावर कुठं पडलं

आप्पा,

तुमचा धाकटा मुलगा अमेरिकेत रायफल शिवायला टाकतोय. ‘शिवायला’ हा शब्द माझा, पण प्रकार तोच. खांद्याचं माप, हाताचं माप, गाल टेकतो तिथली उंची, सगळं मोजून कारागीर ती बनवणार आणि हे चिरंजीव येत्या हिवाळ्यात डोंगरात एल्क मारायला जाणार. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा दांडगा चुलतभाऊ. तिकडं रीतसर परवाना मिळतो, मांस घरी आणून लोक वर्षभर खातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार काडतुसाबद्दल आहे. ते आधी ठरवावं लागतं म्हणे, कारण नळीच्या बुडाशी त्याच्या मापाचं घर कोरतात, आणि नंतर मन बदललं तर बहुधा नळीच नवी घ्यावी लागते. त्यामुळं लग्नाला स्थळ बघावं तशी काडतुसं बघणं चाललंय, आणि मुलीकडची वडीलधारी म्हणून मी.

मी राजारामपुरीत पोरांना संस्कृत शिकवते. आयुष्यात दिवाळीच्या टिकल्यांपलीकडं काही उडवलेलं नाही. तरी मला आता ठाऊक आहे, की साडेसहा मिलिमीटरचं काडतूस खांद्याला मऊ पण एल्कला लांबून कमी पडेल अशी धाकट्याला भीती, सात मिलिमीटरचं मधलं, तीनशेचं मॅग्नम (इथून माप इंचाच्या हजारांशात, आणि दारू जादा) दणकट, आणि तीनशे अडतीसचं म्हणजे जवळजवळ तोफ. याला ती तोफ हवी आहे. घरच्या ग्रुपवर रोज एक तक्ता पडतो: इतक्या अंतरावर गोळी किती खाली येते, वारा तिला किती ढकलतो. जयसिंगपूरच्या आत्यांनी सगळं ऐकून आवाजी निरोप पाठवला, “आरं बाबा, तिकडं मटणाचं दुकान न्हाय व्हय?” त्या सगळ्या चर्चेतला तेवढा एकच पूर्वपक्ष मुद्द्याला धरून होता. त्याला उत्तर आलं नाही, तक्ता आला.

आणि प्रत्येक फोनच्या शेवटी ठरलेलं वाक्य, “आक्का, आप्पांनी कुठलं निवडलं असतं?” मी सांगून थकले, की आप्पा कामाला होते त्या दुकानात बारा बोराची काडतुसं जायची, तोफा नव्हेत. तर म्हणतो, “डबा घेऊन रोज तूच जात होतीस. तुला म्हाईत असणार की.” डबा नेला म्हणून विद्या येत असती तर निम्मं कोल्हापूर पंडित झालं असतं.

पण एक दिवस आठवतो. दुकानात बंदुकीच्या तेलाचा वास, त्यात माझ्या डब्यातल्या लसणीच्या चटणीचा. आजऱ्याकडचे एक शेतकरी काचेवर कोपर टेकून उभे आहेत. उसात डुकरं शिरतात, पीक राखायला बंदुकीचा परवाना आहे आणि त्यांना ‘जरा जोराची’ काडतुसं पाहिजेत. तुम्ही खोका काढता आणि त्यावर हात ठेवून, जो प्रश्न प्रत्येकाला विचारायचा तोच विचारता.

“पावणं, गेल्या खेपंचं जनावर कुठं पडलं?”

“पडतंय कुठलं. लागलं, पर गेलं पळून.”

“किती लांबनं हाणलासा?”

“ह्या बांधावरनं त्या बांधावर.”

“मग मागनं गेला न्हाईसा?”

“अंधार पडलता.”

तुम्ही खोका परत फळीवर ठेवता. “काडतूस बारकं न्हवतं, पावणं. बांध लांब हुता.”

पाहुणे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत निघून गेले. आतून मालक तुम्हाला लागेल असं बोलले. मी शहाणपणा करून म्हटलं, “आप्पा, गिऱ्हाईक गेलं की.” तर माझ्यावरच उखडलात. “गिऱ्हाईक उद्या येतंय. ते डुक्कर कुणाच्या तरी उसात कण्हत पडलं असंल, त्याला कोण इचारणार? गप भाकरी वाढ.”

परवा रविवारी धाकटा तोफेची स्तुती वाचून दाखवत होता. दुसऱ्या दिवशी कारागिराला कळवायचं होतं. मला चहा गाळायचा होता, कुकर लावायचा होता, आणि पूर्ण वैतागून मी विचारलं, “गेल्या खेपेचं जनावर कुठं पडलं?”

तिकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, गेल्या वर्षी जुन्या रायफलीनं दरीच्या पलीकडं मारलं होतं. लागलं, बसलं, उठलं आणि झाडीत शिरलं. वरून बर्फ सुरू झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शोधलं, सापडलं नाही. हे त्यानं बायकोलाही सांगितलेलं नाही. “गोळी हलकी पडली, आक्का,” म्हणाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा माणूस रायफल करतोय ती येत्या एल्कसाठी नव्हे, त्या न सापडलेल्यासाठी. आणि तोफ हातात आली की हा आणखी रुंद दरी शोधणार.

आमच्या शास्त्रात विश्वासू माणसाच्या शब्दाला आप्तवाक्य म्हणतात. डोळ्यांना दिसेना, तर्क चालेना, की ते प्रमाण मानायचं. मी गॅस बंद केला आणि म्हणाले, “आप्पा म्हणायचे, ज्याच्या धक्क्यानं डोळा मिटत न्हाय ते काडतूस आपलं. आन् उजेड हाय तवर चालत जाऊन पोचता येतंय, तेवढाच पल्ला आपला.”

त्यानं तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. मग म्हणाला, “म्हणजे सात मिलिमीटरचं.”

“मला काय विचारतोस?”

“आन् दरीपलीकडं न्हाय.”

“आप्पांनाच विचार.”

सोमवारी त्यानं सात मिलिमीटरचं कळवलं. ग्रुपवर लिहिलं, ‘आप्पांच्या शब्दाप्रमाणे.’ आत्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी गेली तीस वर्षं या मुलाला स्वेटर घाल म्हणून सांगतेय, त्याचा कधी शब्द झाला नाही.

हे पत्र त्याच्या हाती लागू देणार नाही, आणि तुमच्याकडं पाठवायची सोय नाही हे बरंच आहे. कारण तुम्ही असलं काही कधीच म्हणाला नव्हता, आप्पा. तुम्ही फक्त विचारायचात. उत्तर मी रचलं. पण ते बोलताना माझ्या तोंडून हुबेहूब तुमचा आवाज निघाला. काम झालं होतं, चहा निवला होता, तरी मी फोन ठेवला नाही. बर्फ किती पडतं, चाकूला धार कुठं लावतोस, काय वाट्टेल ते त्याच आवाजात विचारत राहिले.