डावीकडचं बंद हाय

सोलापूर,
रविवार, ४ मे २०२५

प्रिय दादास,

सप्रेम जय भीम. सोनम वहिनींनाही जय भीम सांग. इकडे सगळं ठीक आहे. ऊन म्हणशील तर असं की पत्र्यावर पापड टाकला तर तळूनच निघावा. कुर्डुवाडीत वेगळं काय असणार म्हणा. तुझ्या वर्कशॉपात तर भट्टीच असेल. डोक्याला ओला रुमाल बांधत जा, वहिनी सांगतात तेव्हा ऐकत जा.

आता म्हणशील, पत्र कशाला लिहितेय ही, फोन मेला काय? फोन चांगला ठणठणीत आहे. तेच तर दुखणं आहे, पण ते पुढे सांगते. आधी माझी बढाई ऐक, मग बाकीचं.

सात रस्त्याच्या आमच्या ऑफिसात मार्चमध्ये सगळ्यांना नवे हेडसेट आले. दिवसभर लोकांचे फोन घ्यायचे काम, त्यामुळे आमचं सगळं कानावरच चालतं, आणि बिघडलेले हेडसेट बघायचे ते माझ्याकडे. जुने बिनतारी हेडसेट खोक्यात भरून भंगारात चालले होते. मी शिवशरण सरांना म्हटलं, सर, मी नेऊ का? ते म्हणाले, ने बाई, पण परत आणू नको. सहा हेडसेट आणि दोन स्टँड घेऊन आले. बॅटऱ्या मेलेल्या, कानावरचा स्पंज झडलेला. बॅटऱ्या बदलल्या. स्पंजाच्या जागी आप्पांच्या जुन्या टॉवेलचे गोल कापून शिवले. कारखान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने विणलेला तो निळ्या काठाचा टॉवेल, आठवतो? आता तो त्यांच्याच कानावर बसलाय.

जुगाड असा आहे. माझा फोन ब्लूटूथने स्टँडला जोडायचा. फोनवर जे लागेल ते स्टँडकडून एकाच वेळी चार हेडसेटना ऐकू जातं. तार नाही काही नाही. घरभर फिरा, गल्लीच्या तोंडापर्यंत जा, गाणं डोक्यातच. एक हेडसेट मी घेतला, एक आप्पांना दिला, एक शेजारच्या जगदेवी मावशीला. ती भिंतीपलीकडे विड्या वळत ऐकते.

दादा, सुट्टीच्या दिवशी दुपारी येऊन बघायला पाहिजे होतंस तू. घरात चिडीचूप. पंखा तेवढा फिरतोय. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, झोपलेत सगळे. पण आप्पा खुर्चीत डोळे मिटून मान हलवताहेत, मी भांडी पुसता पुसता तीच मान हलवतेय, आणि पलीकडे मावशीची सुपावरची बोटंसुद्धा त्याच ठेक्यावर. कडव्याच्या शेवटी तिघांनी एकदम मान खाली टाकायची. कुणी कुणाशी बोलत नाही आणि तरी सगळे एका ठिकाणी आहेत. मला तर वाटायचं, आई पण कुठेतरी याच गाण्यात बसलीय, चहा ठेवू का म्हणून विचारायला येईल आता. मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहायचे. पाणी निथळून कोपरापर्यंत यायचं तेव्हा कळायचं.

एकच कटकट होती. पहिल्याच दिवशी आप्पा म्हणाले, "डावीकडचं बंद हाय."

मी उघडून बघितलं, नीट होतं. तरी आतल्या तारेला पुन्हा डाग दिला. दुसऱ्या दिवशी तेच, डावीकडचं बंद हाय. दुसरा हेडसेट दिला, त्याचंही डावीकडचं बंद. माझ्या कानाला लावला की खणखणीत, त्यांच्या कानाला लावला की बंद. मी चिडले. तोंडाला येईल ते बोलले, तुमच्या हाताला काही टिकतच नाही म्हणाले. ते हसून म्हणाले, बरं बरं.

तुझी हुशार बहीण बारा वर्षं लोकांच्या हेडसेटचे दोष शोधते. आणि तिच्या डोक्यात उजेड पडला नाही.

आता तो दिवस. गेल्या रविवारी मी तुला लिहिलं होतं, बारा मेला, सोमवारी, बुद्ध पौर्णिमा आहे, आई जाऊन आणि तू घर सोडून तीन वर्षं झाली, एकदा ये, वंदनेला तू पुढे बैस. त्यावर तू बोलून निरोप पाठवलास. मी तो ऐकायला जिन्यात गेले, म्हटलं आप्पांच्या कानावर नको. लावला, तर आवाजच नाही. पट्टी पुढे सरकतेय, आवाज नाही. पुन्हा लावला. मग आवाज पूर्ण वाढवून तिसऱ्यांदा लावला. म्हटलं कुर्डुवाडीत रेंजचं काहीतरी झालं असेल, आणि तुला नुसता अंगठा पाठवून दिला.

फोन स्टँडला जोडलेलाच होता, दादा.

मावशी तेव्हा विड्या द्यायला विडी कारखान्यात गेली होती. माझा हेडसेट खुंटीला होता. एकटे आप्पा कान लावून बसले होते. मी गाणं बंद करून तुझा निरोप लावला, तो थेट त्यांच्या उजव्या कानात. तीनदा. तिसऱ्यांदा तर पूर्ण आवाजात.

तू काय बोलला होतास ते मी नंतर ऐकलं. तुला आठवत असेलच, तरी लिहिते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. तू म्हणालास, "आई जमिनीवर पडली होती आणि मी चाळीस सेकंद फोनवर ओरडत होतो. ते बरं बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मी त्या घरात पाणी पिणार नाही. त्यांचं काही झालं तर मला कळवू नको, मी पण बरं म्हणून ठेवून देईन."

मी आत आले तेव्हा ते ताठ बसले होते. समोरच्या भिंतीकडे बघत. मी विचारलं, काय झालं, गाणं बंद पडलं का? त्यांनी हेडसेट काढला, माईकची दांडी नीट मिटली, स्टँडवर ठेवला. मग दोन बोटांनी समोरच्या दातावर टकटक केली.

दादा, ही तुझी खूण आहे. तू तिसरीत असताना पडून दात मोडून घेतलास आणि तेव्हापासून कारखान्यात तुझं नाव ते पडलं. मागांच्या खडखडाटात तिथे कुणी तोंडाने बोलत नाही, सगळं ओठांवर आणि हातवाऱ्यांवर. तू डबा घेऊन दारात उभा राहिलास की पलीकडचे निंगप्पा काका दातावर टकटक करायचे आणि आप्पा वळून बघायचे. आई गेल्यापासून ती खूण त्यांनी एकदाही केली नव्हती. मला वाटलं, विसरले.

मग त्यांनी मला विचारलं, "चाळीस सेकंद बोलला का त्यो?"

मला आधी कळेना काय म्हणतात. ते म्हणाले, "मला काय ऐकू आलंच न्हाय की. डावा कान लई वर्सापासून गेलाय माजा."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उजवा हात मागावर, म्हणून फोन कायम डाव्या हातात, डाव्या कानाला. रोज त्या वेळेला, साडेचारला, तुझाच फोन यायचा, डबा आणू का, उशीर होणार का. तुझं नाव दिसलं, त्यांनी फोन कानाला लावला, नेहमीसारखं बरं बरं म्हणाले आणि ठेवला. मागाचा आवाज बदललेला ज्याला कळत नाही त्याला मुकादम मागावरून काढतो, म्हणून कारखान्यात सांगितलं नाही. आईला सांगितलं नाही, तिला घोर लागेल म्हणून. आणि आपल्याला कधी कळलंच नाही, कारण मागावरच्या माणसाला ओठ वाचता येतात. एवढी वर्षं ते आपलं बोलणं डोळ्यांनी ऐकत होते, दादा. आपण पाठमोरे बोललो की म्हणायचे, बरं बरं. वंदनेला बसलो की सगळ्यांच्या मागून एक एक ओळ म्हणायचे, आपल्याला वाटायचं म्हातारपण. फोनला मात्र ओठ नसतात.

त्या दिवशी ते संध्याकाळी सातला रुमालात दोन डाळिंबं बांधून आले होते, आठवतं? आईने मागितली होती म्हणून. तू ती डाळिंबं गल्लीत फेकलीस. त्यांना वाटत राहिलं की यायला उशीर झाला म्हणून तू रागावलास, आणि तो राग त्यांना पटत होता. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू मंडपात ओरडलास तेव्हाही त्यांना तुझ्या ओठांवरचा 'फोन' एवढाच शब्द कळला. बाकी तू रडत होतास, रडताना ओठ वाचता येत नाहीत म्हणाले.

मी म्हटलं, अहो पण नंतर तरी सांगायचं. तर म्हणाले, "तवा सांगितलं असतं तर म्हनला असता, म्हातारं आता बहिऱ्याचं सोंग घेतंय." आणि मला बजावून सांगितलं, त्याला कळवू नको, त्याला लई लागंल.

आता माझं. हे लिहायचं म्हणून मघापासून पापड आणि टॉवेल सांगत बसले. त्या रात्री तू मला विचारलं होतंस, प्रिया, माणूस असा असतो का? आणि मी म्हणाले होते, त्यांचं काळीज दगडाचं आहे. तू तेवढ्यावर उठून गेलास. मी आडवी आले असते तर तू थांबला असतास. तू गेल्यावरही त्या घरात राहत मी होते. टीव्हीचा आवाज मोठा का म्हणून भांडत मी होते. तुला नव्हतं कळलं, मला कळायला हवं होतं. माझं चुकलं, दादा. तुझ्यावर राग नाही, तूही स्वतःवर काढू नको. कुर्डुवाडीच्या घरात बसून हे वाचशील आणि डोकं धरशील, ते मला इथून दिसतंय. वहिनींना जवळ बसवून वाच.

बुधवारी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा पूर्ण गेलेला. उजवा अर्धा आहे आणि तोही जातोय. यंत्र मिळेल, पण पुढच्या वर्षी या वेळेला किती ऐकू येईल ते सांगता येत नाही म्हणाले. म्हणून घाई करतेय.

तेव्हापासून आप्पा रोज साडेचारला हेडसेट लावून बसतात. काल माझा फोन माझ्या पर्समध्ये बंद होता, स्टँडवर काहीच लागलेलं नव्हतं. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत त्यांच्या पायापर्यंत आली होती आणि ते डोळे मिटून ऐकत होते. मी समोर जाऊन विचारलं, काय ऐकताय? म्हणाले, लागंल की.

तेव्हा बारा तारखेला, सोमवारी ये. सकाळची गाडी पकड, वंदनेआधी पोचशील. रजा नसेल तर साडेचारला फोन कर, मी स्टँडला जोडून ठेवते. हेडसेटचा माईकही मी दुरुस्त केलाय, त्यांचं बोलणं तुला ऐकू येईल. माझ्याशी बोलू नको, मध्ये मी नकोच. फक्त सावकाश बोल आणि रडलास तरी चालेल, या बारीला ओठांचं काम नाही.

सांगू नको म्हणाले होते, म्हणून हे पत्र पोस्टात टाकण्याआधी त्यांच्यापुढे ठेवलं. चष्मा लावून सगळं वाचलं. डाळिंबांपाशी बराच वेळ थांबले. मला वाटलं, फाडतात आता. तर घडी घालून परत दिलं, दातावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, एवढं खाली लिही. त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"दिपकला म्हनावं, आता बरं म्हननार न्हाय. काय म्हनलास, म्हनून परत इचारीन."

तुझी, इतकी वर्षं त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलत राहिलेली,
धम्मप्रिया