डावी दरी, उजवी दरी

३ मार्च, सोमवार

सरांनी तोंडावर सांगितलं – चौदा तारखेच्या बैठकीत काहीतरी दाखव, नाहीतर लेझरचं टेबल तुझ्या सीनियरला. मग मी विषय बदलायचा. एवढी वर्षं पाण्यात!

सीनियरला मी फक्त या पानांवर खडूस म्हणते. दुपारी मोजायची टेप घेऊन आला आणि टेबल मोजून गेला. केवढी ती घाई!

५ मार्च, बुधवार

दिवसभर चिकटपट्टी. काळ्या चकचकीत स्फटिकाला लावायची, ओढायची, सिलिकॉनच्या चकतीवर दाबायची. नशीब असेल तर जेमतेम तीन अणूंच्या जाडीचा एकच थर चकतीवर उरतो. माझ्या चकत्यांवर नुसते गोंदाचे डाग. खडूस स्वतःची निळी पट्टी वापरतो, माझ्या साध्या पट्टीला नाक मुरडतो. म्हणाला, निळी घेऊन बघ. घेते कशाला!

भावाचा फोन. एवढं शिकून सेलोटेप ओढतेस म्हणे. मागून आई – "ओढू दे रे. लहानपणी भिंतीचा रंग सोलायची ती." झाली शोभा.

१० मार्च, सोमवार

सापडला! माझ्याच चकत्यांच्या डबीत, कोपऱ्यातल्या चकतीवर. ऐसपैस तुकडा, आणि गोंदाचा ठिपका नाही. शुक्रवारी घाईत ओढला असणार. हात बसला म्हणायचा माझा! हिरव्या लेझरखाली लालभडक उजळला. म्हणजे एकच थर. दोन असते तर मिणमिणला असता.

११ मार्च, मंगळवार

खरी परीक्षा. या थरात इलेक्ट्रॉनांना बसायला ऊर्जेचे दोन खोलगट कप्पे, म्हणजे दोन दऱ्या, डावी आणि उजवी. उजवीकडे गिरक्या घेणारा प्रकाश टाकला की एकच दरी भरते. परत येणारा उजेडही उजवाच असला, तर इलेक्ट्रॉनांनी आपली दरी लक्षात ठेवली असं समजायचं.

तुकडा पार गारठवला. उजवा टाकला. उजवा आला! आनंदात टेबलावर हात आपटला, सगळे आरसे हलले, ते जुळवण्यात दुपार गेली.

मग डावा टाकला. तरी उजवाच! तोंडचं पाणी पळालं.

१२ मार्च, बुधवार

यंत्राची लबाडी! प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी एका दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला झुकतं माप देते. हे नव्या पोरांना मीच शिकवते, आणि मीच विसरले. जाळीवर पडणारा प्रकाश कायम एकाच दिशेने कंप पावेल अशी मांडणी केली.

उजवा टाकला – उजवा. डावा टाकला – डावा! डावा!!

रडले. अगदी हुंदके देऊन. आता कोणी काही म्हणो, इलेक्ट्रॉन माझं ऐकतात.

१४ मार्च, शुक्रवार

जिंकले! सरांनी आलेख कितीतरी वेळ पाहिला. "टेबल हिच्याकडेच राहील." टाळ्या सगळ्यात आधी खडूसने वाजवल्या. बिचाऱ्याची जरा कीव आली. आईला सांगितलं, तर तिने शेजाऱ्यांनाही सांगून टाकलं – मुलीने दऱ्या शोधल्या म्हणून!

१५ मार्च, शनिवार

विजयाच्या जोरावर आज मोठं मन केलं, खडूसची निळी पट्टी वापरली. चकतीवर गोंदाचा ठिपका नाही. माझ्या पट्टीने असं एकदाही झालेलं नाही. एकदाही.

त्याला जाऊन विचारलं, तो दहा तारखेचा तुकडा कुणाचा. मान वर न करता म्हणाला, "तुझ्या डबीत एक जागा रिकामी होती."

टेबल त्याला मिळणार होतं.