माझ्या कबरीवरचे मिल्कवीड

मी, कॉर्नेलियस हार्डर, वय एकोणपन्नास, ऑन्टारिओतल्या लिख्तफेल्ड गावात बूट शिवणारा, त्या मंगळवारी सकाळी स्वतःच्या कबरीवर ओणवा होऊन अळ्या वेचत होतो तेव्हा पूर्ण शुद्धीवर होतो, आणि आज हे मृत्युपत्र लिहितानाही आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थोरली बहीण अगानेथा समोर बसून ‘आटप लवकर’ म्हणते आहे, पण तो दबाव नव्हे, स्वभाव आहे.

कबर माझी असली तरी रिकामी होती. माझे दुकान भाड्याचे, वरची खोली भाड्याची, मागे सगळे सिमेंट. देवाच्या पृथ्वीवर माझ्या मालकीची जमीन म्हणजे दफनभूमीतली आईशेजारची तेवढी एक जागा. तिच्यावर मिल्कवीड आपणहून उगवले. पान तोडले की पांढरा चीक गळतो, ते तण. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या दुसरे काही खात नाहीत, आणि आसपासच्या शेतांत ते कोणी ठेवत नाही. मी अळ्या खोलीवर आणतो, जाळीच्या पेटीत ठेवतो, कबरीवरचा पाला घालतो, आणि फुलपाखरांचे पंख वाळले की उन्हात सोडतो. शरदात ती इथले मोठे सरोवर ओलांडून थेट मेक्सिकोला जातात. मी स्वतः जिल्ह्याबाहेर गेलेलो नाही.

त्या सकाळी याकोब गीझब्रेख्त गवत कापायच्या यंत्रावर बसून आला. हा दफनभूमी समितीचा अध्यक्ष. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा.

“ऊठ रे कॉर्नी. सुगीच्या सणाआधी सगळं साफ पाहिजे.”

“ही माझी जागा आहे, याकोब.”

“आत कोणी आहे?”

“अजून नाही.”

“मग नियम ऐक. रिकामी जागा समिती कापते. दफन झालेल्या जागेवर काय ठेवायचं ते घरचे सांगतात.”

“पेटीत अळ्या आहेत रे. उपाशी मरतील.”

“शनिवारी दुपारी कापणार. त्याच्या आत मेलास तर कळव.”

आता वाटणी.

एक. आरी, रापी, हातोड्या आणि लाकडी साचे, दुकान पुढे जो चालवील त्याला. डाव्या पायाचा माझा साचा आता माझ्या मापाचा राहिलेला नाही, तो चुलीत घालावा. कारण पुढे येईल.

दोन. बँकेतली शिल्लक अगानेथाला. मी तिला आजवर जितके जोड करून दिले, त्यांतल्या एकालाही तिने ‘बरा आहे’ म्हटलेले नाही. या पैशातून तिने दुसऱ्याकडचे बूट घेऊ नयेत, एवढीच विनंती.

तीन. माझे स्तोत्रांचे पुस्तक चर्चच्या मंडळीला. त्याच्या कडेला कोषाचे रिकामे कवच चिकटले आहे, ते खरवडू नये. अळीने तिथे कोष केल्यामुळे मला मागच्या शरदात पुस्तक उघडता आले नाही आणि पाठ असलेलीच स्तोत्रे म्हणावी लागली. ती तीनच आहेत हे तेव्हा सगळ्यांना कळले.

चार. खुंटीवरची काळी टोपी माझी नाही, याकोबची आहे. तो बुधवारी कोबीचा गड्डा घेऊन आला होता. म्हणाला, “खातील, न खाऊन जातात कुठं!” अळ्यांनी कोबीकडे पाहिलेसुद्धा नाही. तेवढ्यात एक अळी टोपीत चढली आणि कडेखाली उलटी लटकली. आता तिथे सोनेरी ठिपक्यांचा हिरवा कोष आहे. फुलपाखरू बाहेर आले की टोपी परत द्यावी. याखेरीज याकोबला काही नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकीलबाईंनी सांगितले, म्हणूनच त्याला साक्षीदार केले आहे.

पाच, कबर. साखरेच्या आजाराने माझ्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. डॉक्टर उन्हाळाभर सांगत होते, काढून टाका, नाहीतर पाय जाईल, मग तुम्ही. मी टाळत होतो. देवाने जितके दिले तितके परत न्यावे असे वाटे. भीतीही वाटे, त्याला ते ठाऊकच आहे.

अगानेथा म्हणायची, “देव काय दारात बसून बोटं मोजणार आहे? तू गेलास तर तुझ्या या अळ्या मी कोंबड्यांना घालीन!”

“कोंबड्या खाणार नाहीत गं. कडू असतात त्या.”

“मग आधी तुला घालीन!”

मंगळवारी याकोबचे यंत्र दूर गेले आणि मी माझ्या पायाकडे पाहिले. दुपारीच डॉक्टरांना होकार कळवला. अट एकच घातली: काढलेला अंगठा माझा मला द्यावा.

गुरुवारी तो काढला. आज शनिवारी सकाळी, तान्ह्या बाळाच्या बुटांच्या खोक्यात घालून, आम्ही तो दफनभूमीत नेला.

“हे दफन नाही, चावटपणा आहे,” याकोब म्हणाला.

पाळक उनरुह यांनी विचारले, “माणसाचा किती भाग पुरला म्हणजे दफन, ते नियमात लिहिलंय का, याकोब?”

याकोब यंत्रावरून उतरला. मग फावडे घेऊन स्वतःच खणायला लागला. डोक्यावर टोपी नव्हतीच. पाळकांनी मला हळूच विचारले, अंगठ्यासाठी कोणते वचन वाचू? मी म्हणालो, माझ्यासाठी वाचाल तेच, फक्त जरा हळू.

माती लोटल्यावर याकोबने यंत्राकडे पाहिले. “आता घरच्यांनी सांगावं. ठेवायचं की कापायचं?”

मी तोंड उघडले.

“तू गप. तू मयत आहेस.”

तो अगानेथाकडे वळला. तिला मिल्कवीड कधीच आवडले नाही. चिकाने तिचा एप्रन खराब होतो. ती खोक्याच्या जागेकडे बघत राहिली. माझा जीव पायात होता, आणि पाय ठणकत होता.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्याची पोरं उपाशी राहतील.”

मग याकोबने यंत्र सुरू केले आणि आईच्या कबरीपाशी येऊन माझ्या जागेला मोठा वळसा घातला.

उरलेला मी सवडीने येईन. तेव्हा पायथ्याकडून खणावे, तिकडे मुळे कमी आहेत. जागा आता रिकामी नाही.

सही: कॉर्नेलियस हार्डर

आमच्या देखत सही केली:
पेटर उनरुह, पाळक
याकोब गीझब्रेख्त, अध्यक्ष, दफनभूमी समिती (टोपी येणे बाकी)

लिख्तफेल्ड, ऑन्टारिओ
शनिवार, २९ सप्टेंबर २०१८