उरलेल्या भाकरींची भीती

आये, काल नवा धंदा सुरू करू पाहणाऱ्या बायकांच्या सभेत मी भीतीवर बोलले. बोलले म्हणजे नेहमीसारखी गरजले. अपयशाची भीती माणसाचे पाय धरते, असं आजवर पुस्तकांत वाचलं तसं सांगत होते आणि मध्येच तू आठवलीस. तुझे पाय कुणी धरले नव्हते. पहाटे टोपली घेऊन तू सगळ्यांच्या पुढे असायचीस. तुझी भीती डोळ्यांत शिरली होती.

ती कुठून आली हे मला ठाऊक आहे. तळवलीच्या बायका आपापली कोळंबी होडीतून ठाण्याला न्यायच्या. तू एकदा सगळ्यांची कोळंबी विकत उचललीस आणि मोठी होडी ठरवलीस. दिवस भांगाचे, भरतीलाही खाडीला पाणी कमी. रोजची हलकी होडी निघून गेली असती. तुझी भरलेली होडी वाटेतच चिखलात बसली. पुढच्या भरतीपर्यंत नुसतं ऊन. संध्याकाळी तू रिकाम्या टोपल्या घेऊन आलीस आणि नासलेला माल पाण्यात सोडल्याचं माझ्या बाला सांगितलंस, कुणी मेल्याचं सांगावं तसं. त्यानंतर कुठल्याही गोष्टीत तुला आधी ती कशी नासेल तेच दिसायला लागलं.

मग साठ सालानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याकडेला कारखान्यांची बांधकामं निघाली. नवी मुंबई हे नावही तेव्हा नव्हतं. एका दुपारी एक मुकादम आपल्या दारात पाणी मागतो. जेवायची वेळ, म्हणून तू त्याला बसवतेस, तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं आंबट कालवण वाढतेस. तो बोटं चाटत विचारतो, माझ्या माणसांना रोज असं जेवण द्याल का? माणसं लांबची आहेत, चणे खाऊन दिवस काढतात.

"नि भाकरी उरल्या तं?" तू विचारलंस.

"उरतील कशा, मावशी? उपाशी मानसं हायेत ती."

"एखादे दिशी न्हाय आली तं?"

तो हसला. म्हणाला, मग मी एकटा बसून सगळ्या संपवीन. तू हसली नाहीस.

तुझ्यामागे चुलीपाशी येऊन मी तुला समजावू लागले. माझं पहिलं भाषण ते. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "तुजी जीभ चालते, बाय. चिखलान मी बसलेली."

मुकादम उठून शेजारच्या काकीकडे गेला. ती लगेच हो म्हणाली. तिचं कालवण तुझ्या कालवणाच्या जवळपासही जात नव्हतं. पण तिला उपाशी माणसं दिसली आणि तुला उरलेल्या भाकरी.

दुसऱ्या दिवशी मात्र तू मोठं पातेलं चढवलंस. कुणाला काही सांगितलं नाहीस. भाकरींची चवड फडक्यात बांधून दुपारभर उंबऱ्यावर बसलीस, रस्त्याकडे तोंड करून. शेजारी पंगत बसली होती. बा काही विचारणार तेवढ्यात मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. काकीने कुंपणावरून हाक मारली, "वयनी, कालवनाला चिंच किती टाकतंस गो?" तू सांगितलंस, अगदी नीट, हाताने माप दाखवून. संध्याकाळी आपण त्याच भाकरी खाल्ल्या.

तुला दिसलं होतं, आये. एक दिवस उशिरा, पण दिसलं होतं. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं असं नाही. सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं नसतंस. तरी आज फार सांगावंसं वाटतं, आणि हे पत्र टाकावं अशी पेटी कुठे नाही. घडी घालून माझ्यापाशीच ठेवते.

एवढंच कबूल करते. सभा सुरू झाली की हॉलचं दार मी लावू देत नाही. लोकांना वाटतं, बाईंना उकडतं. खरं म्हणजे बोलता बोलता माझं लक्ष तिकडेच असतं. एखादी उशिरा येऊन बाहेर घुटमळत असली तर तिला आत येता यावं. आणि ती जरा तुझ्यासारखी दिसली, की मला पुढचं वाक्य आठवत नाही.